शेवंती रात्र मोजते

डिसेंबरात लखनौला जाणाऱ्या मराठी कुटुंबाची यादी साधारण ठरलेली असते. बडा इमामबाडा, रेसिडेन्सी, चिकनची दुकानं, चौकातले कबाब. बरोबर कोणी गाण्याच्या नादाचं असेल, तर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली उभ्या केलेल्या संगीत महाविद्यालयाकडेही एक फेरी होते. या यादीत आणखी एक जागा बसवावी, आणि मुलं बरोबर असतील तर ती जरा वरच घ्यावी. ती म्हणजे राणा प्रताप मार्गावरची, राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेची बाग. शहरात सगळे तिला ‘एनबीआरआय’ म्हणतात. रिक्षावाल्याला ‘सिकंदरबाग’ सांगितलं तरी तो बरोबर आणून सोडतो. इथे दर हिवाळ्यात दोन पुष्पप्रदर्शनं भरतात. डिसेंबरात शेवंती आणि कोलियसचं, जानेवारीत गुलाब आणि ग्लॅडिओलसचं. फलकावर ‘गुलदाउदी’ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नये, ती आपली शेवंतीच.

पुष्पप्रदर्शन आपल्याला नवं नाही. पुण्यात प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरतं, मुंबईत फेब्रुवारीत राणीच्या बागेत. आपण जातो, फोटो काढतो, एखादी कुंडी विकत घेतो. पण शेकडो कुंड्यांतली फुलं नेमक्या त्या दोन दिवसांत एकदम ऐन भरात कशी येतात, हे फारसं कोणी विचारत नाही. तारीख आधीच जाहीर झालेली असते आणि झाडं ती पाळतात, असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात तारीख झाडाच्या स्वभावावरून ठरलेली असते आणि माळी तिच्यापासून मागे मोजत मोजत थेट फेब्रुवारीपर्यंत जातो. हा उलटा हिशेब समजला की प्रदर्शन निराळंच दिसायला लागतं.

आधी जागेबद्दल थोडं. सिकंदरबाग ही अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याच्या सिकंदर महल बेगमेच्या नावाने ओळखली जाणारी, उंच भिंतींनी वेढलेली बाग. १६ नोव्हेंबर १८५७ ला इंग्रज फौजेने ती फोडली, तेव्हा आत अडकलेले दोन हजारांच्या आसपास शिपाई मारले गेले. पिंपळावर चढून गोळ्या झाडणाऱ्या ऊदादेवीची कथा इथलीच. तिचा पुतळाही इथे आहे. जुन्या बागेतलं आता थोडंच उरलंय, पण अवधच्या माशांची नक्षी असलेला दरवाजा टिकून आहे. स्वातंत्र्यानंतर या परिसरात प्रा. कैलासनाथ कौल यांनी उत्तर प्रदेश सरकारसाठी ‘नॅशनल बोटॅनिक गार्डन्स’ उभं केलं. हे कौल म्हणजे कमला नेहरूंचे भाऊ. १९५३ मध्ये सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, ते ताब्यात घेतलं आणि १९७८ मध्ये डॉ. त्रिलोकीनाथ खोशू यांच्या कारकिर्दीत त्याला आजचं नाव मिळालं. तेव्हा ही नुसती फिरायची बाग नाही, प्रयोगशाळेची बाग आहे. इथल्या वाफ्यात दिसणारी एखादी शेवंती याच आवारात जन्माला आलेली असू शकते.

आता शेवंतीचं वर्ष पाहू.

डिसेंबरचं प्रदर्शन संपलं, फुलं सुकली, की माळी झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून कापून टाकतो. पाहणाऱ्याला वाटतं झाड गेलं. पण मुळांच्या आसपास मातीतून नवे कोंब वर येऊ लागतात. आपल्याकडचे फूलशेती करणारे त्यांना काश्या म्हणतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास या काश्या मुळांसकट वेगळ्या करून लहान कुंड्यांत लावतात. पुढचे दोन-तीन महिने लखनौतले सर्वांत कठीण. मे-जूनमध्ये तिथे लू, म्हणजे तापलेला वारा, वाहते, तापमान चाळिशीच्या वर जातं. या काळात शेवंतीकडून काही मिळवायचं नसतं, तिला फक्त सावलीत, ओलाव्यात जगवायचं असतं. पाऊस सुरू झाला की जून-जुलैत जोमदार फांद्यांचे शेंडे कापून वाळूत छाटकलमं लावतात. ती दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. मग लहान कुंडी, त्याहून मोठी कुंडी, आणि ऑगस्टच्या अखेरीपर्यंत दहा इंची कुंडीत शेवटचा मुक्काम. एकदम मोठ्या कुंडीत लावलं तर पावसाळ्यात माती ओली राहून मुळं कुजतात, म्हणून हा जिना एकेक पायरीने चढायचा.

याच काळात कात्री आणि नखं चालू होतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडतात. शेंडा गेला की खालच्या पानांच्या बगलेतून फांद्या फुटतात, त्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडतात. लहान फुलांच्या जातींचं कुंडी झाकून टाकणारं घुमटासारखं झाड असंच तयार होतं. मोठ्या फुलांच्या जातींचं गणित उलट. तिथे एक, तीन किंवा पाच एवढ्याच फांद्या ठेवायच्या, प्रत्येकीला बांबूच्या काडीचा आधार द्यायचा, आणि ऑक्टोबरात कळ्या दिसू लागल्या की प्रत्येक फांदीच्या टोकाची एकच कळी ठेवून बाकीच्या सगळ्या खुडून टाकायच्या. ‘स्नोबॉल’, ‘सोनार बांगला’, ‘कस्तुरबा गांधी’ अशा जातींची ओंजळभर फुलं प्रदर्शनात दिसतात, त्यातल्या प्रत्येक फुलापायी कित्येक कळ्या बळी गेलेल्या असतात. नवशिक्याचा हात नेमका इथेच थरथरतो. जुना माळी मात्र गप्पा मारता मारता खुडत असतो.

शेवटचा शेंडा कधी खुडायचा, यावर सगळं अवलंबून. साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीनंतर खुडणं थांबवावं लागतं. ते का, हे कळायला झाडाच्या आत डोकवावं लागेल.

शेवंती हे ‘लघुदिनी’ झाड. दिवस मोठा असेपर्यंत ती पानं आणि फांद्याच वाढवते. दिवस लहान होत गेला की वाढ थांबवून कळ्या धरते. झाडांना दिवसाची लांबी कळते, हे अमेरिकेतल्या गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं की झाड खरं तर रात्र मोजतं, सलग अंधार किती वेळ मिळाला ते. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला तर झाडाच्या लेखी रात्र तुटते आणि कळ्या धरत नाहीत. यात शेवंतीचाही स्वतंत्र मान आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीच्याच झाडांवर प्रयोग केले. शेंड्याकडची पानं काढून टाकून खालच्या पानांना त्यांनी लहान दिवस दिला, आणि कळ्या आल्या त्या वर, शेंड्याला. म्हणजे रात्र मोजतं पान, आणि तिथून काहीतरी निरोप शेंड्यापर्यंत जातो. त्या निरोप्याला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ असं नाव दिलं. तो निरोप्या म्हणजे प्रत्यक्षात एक प्रथिन, हे सिद्ध व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आता हे लखनौला लावून पाहू. हे शहर साधारण २७ अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीला तिथे दिवस पावणेचौदा तासांच्या आसपास, त्यात पहाटेचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाश वेगळा. डिसेंबरच्या अखेरीला दिवस जेमतेम साडेदहा तास. पुण्यात हाच फरक सव्वातेरा ते अकरा तास, म्हणजे बराच कमी. सप्टेंबर उजाडला की लखनौच्या शेवंतीला रात्र पुरेशी लांब वाटू लागते आणि ती आतल्या आत कळीची तयारी सुरू करते. त्या वेळी शेंडा खुडला तर कळीच खुडली जाते, किंवा फुलं उशिरा आणि लहान येतात. कळी धरल्यापासून फूल पूर्ण उमलायला, जातीप्रमाणे, आठ ते बारा आठवडे लागतात. सप्टेंबरच्या मध्यापासून तेवढे आठवडे पुढे मोजा. नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य. प्रदर्शनाची तारीख तिथेच का येते, हे वेगळं सांगायला नको.

जाता जाता घरच्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. गॅलरीतल्या शेवंतीला नुसता पाला येतो, फूल येत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात आणि मग खताला दोष देतात. एकदा रात्री गॅलरीत जाऊन पाहावं. वर ट्यूबलाइट किंवा समोर रस्त्याचा दिवा असेल, तर झाडाला सप्टेंबर कळलेलाच नसतो. याच गुणाचा फायदा फुलांचे शेतकरी घेतात. रात्री शेतात दिवे लावून शेवंतीला वाढीतच ठेवतात, किंवा पॉलिहाऊसवर काळं कापड ओढून उन्हाळ्यातही फुलवतात. गणपतीपासून मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत बाजारात शेवंतीची रेलचेल असते ती काही अंशी वेगवेगळ्या वेळी फुलणाऱ्या जातींमुळे, काही अंशी अशा हिकमतींमुळे. महाराष्ट्रात आपण शेवंती किलोवर घेतो, हारात आणि वेणीत पाहतो. लखनौच्या प्रदर्शनात ती कुंडीत, एकेकटी, चेहऱ्यासारखी समोर येते. हे वेगळेपण मला फार आवडतं.

अशा प्रदर्शनात स्पर्धाही असते, आणि तिचे विभाग नुसते वाचले तरी पुष्कळ शिकायला मिळतं. फुलाच्या आकारावरून गट पडतात. पाकळ्या आत वळून चेंडू झालेल्या, बाहेर झुकलेल्या, टोकाला चमचा असलेल्या, नळीसारख्या, कोळ्याच्या पायांसारख्या लांब आणि वाकड्या, शिवाय बटणाएवढ्या गोळ्या. मग एका कुंडीत किती फुलं, एकाच माणसाने किती कुंड्या मांडल्या, मांडणारा हौशी आहे की संस्थेची पगारी माळ्यांची फौज पाठीशी आहे, असेही विभाग असतात. परीक्षक रंगाआधी एकसारखेपणा पाहतात. तीन फुलांच्या कुंडीत तिन्ही एकाच आकाराची, एकाच दिवशीची उमललेली हवीत. खालची पानं देठापर्यंत हिरवी हवीत, कारण खालचं पान पिवळं पडलं की पाण्यात किंवा खतात कुठेतरी चूक झाली हे लगेच कळतं. कळीत रंग दिसू लागला की खत म्हणून दिलं जाणारं पेंडीचं पाणी बंद करायचं असतं. ज्याने लोभाने चालू ठेवलं त्याच्या पाकळ्या मऊ पडून लवकर काळवंडतात.

मुलांना बक्षिसाच्या चिठ्ठ्यांत रस नसतो. त्यांच्या हातात एक भिंग द्यावं. शेवंतीचं फूल म्हणजे एक फूल नव्हे, शेकडो फुलांची वस्ती आहे, हे त्यांना स्वतःला सापडू द्यावं. आपण जिला पाकळी म्हणतो ती एकेक स्वतंत्र फूल असते. मध्ये पिवळी चकती असेल तर त्यातला प्रत्येक ठिपकाही एक फूलच. चमचा, नळी, कोळी हे सगळे प्रकार त्या कडेच्या फुलांच्या आकारातल्या फरकाने झालेले. हे एकदा दिसलं की सूर्यफूल, झेंडू, डेलिया, अॅस्टर यांची भावकीही मुलं आपली आपण शोधतात. दुसरा खेळ, एका झाडावर दोन रंग शोधायचा. कधी कधी एखाद्या फांदीवर वेगळ्याच रंगाचं फूल येतं. ती फांदी काढून कलम केलं की नवी जात मिळते. निसर्गात हे क्वचित होतं. एनबीआरआयच्या शास्त्रज्ञांनी काश्यांवर आणि कलमांवर गॅमा किरण सोडून असे बदल मुद्दाम घडवले आणि त्यातून बऱ्याच नव्या जाती काढल्या. घरात जागा आणि सवड दोन्ही कमी असलेल्यांसाठी मात्र याच संस्थेचं दुसरं काम अधिक मोलाचं आहे. त्यांनी अशा लहान जाती तयार केल्या, की शेंडा खुडायला नको आणि काडीचा आधारही नको. झाड आपोआप गोल, गच्च होतं. पहिल्यांदाच शेवंती लावणाऱ्याने अशीच जात शोधावी.

शेजारच्या रांगेत कोलियस असतो. त्याच्याकडे लोक घाईने पाहून पुढे जातात, हा थोडा अन्याय आहे. कोलियसचं कौतुक पानाचं. लाल, जांभळा, पोपटी, चॉकलेटी, आणि एकाच पानात तीन-तीन रंग. आपल्या पानओव्याचा हा सख्खा भाऊबंद. निळसर फुलांचा तुरा आला की तो लगेच खुडतात, नाहीतर झाडाचं लक्ष पानांवरून उडतं. भर उन्हात त्याचा रंग फिका पडतो आणि दाट सावलीत हिरवा वाढतो, म्हणून सकाळचं कोवळं ऊन ही त्याची खरी जागा. थंडीला तो फार हळवा. लखनौत डिसेंबरच्या शेवटाला धुकं दाटलं की त्याची पानं काळी पडून गळायला लागतात. तेव्हा शेवंती पूर्ण फुलली आहे आणि कोलियस अजून तग धरून आहे, असा दोघांना साधणारा काळ मोठा नसतो. कोलियसची फांदी पाण्याच्या ग्लासात ठेवली तर आठवड्या-दहा दिवसांत मुळं दिसतात. काचेतून रोज मुळं मोजणं हा मुलांसाठी विनाखर्चाचा उद्योग.

जानेवारीचा गुलाब दिवस-रात्र मोजत नाही. त्याचं घड्याळ माळ्याच्या कात्रीत असतं. उत्तरेच्या मैदानी भागात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी करतात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरपा काप. त्या डोळ्यातून फुटलेल्या फांदीवर सहा ते आठ आठवड्यांत फूल येतं. जानेवारीतलं प्रदर्शन गाठायचं तर छाटणी पुढे-मागे करावी लागते, आणि थंडी किती पडेल हा अंदाज त्यात धरावा लागतो, कारण थंडीत कळी सावकाश उमलते. त्या सावकाशीचाच फायदा होतो. पाकळ्या मोठ्या होतात, रंग गडद होतो. एकाच जातीचा गुलाब मार्चमध्ये पाहिला तर तो जानेवारीतल्याचा गरीब नातेवाईक वाटतो. प्रदर्शनात मांडलेला गुलाब पूर्ण उमललेला नसतो. अर्धा ते पाऊण उघडलेला, मधली कळी उंच आणि गुंडाळी अखंड. पूर्ण फुललेल्या गुलाबासमोर उभं राहून फोटो काढणारे बक्षीस मिळालेल्याकडे ‘हा तर अजून फुललाच नाही’ म्हणून पाठ फिरवतात, हे दृश्य दर प्रदर्शनात दिसतं.

ग्लॅडिओलस कंदापासून येतो. लावल्यापासून जातीप्रमाणे अडीच ते साडेतीन महिन्यांत दांडा, त्यामुळे लावणीची तारीख चुकली की प्रदर्शनाची संधी गेली. फुलं खालून वर एकेक करून उमलतात. विकत घेतलेला दांडा गाडीत आडवा ठेवला तर काही तासांतच त्याचा शेंडा आकाशाकडे वळतो आणि तो वाक पुन्हा सरळ होत नाही. झाडाला वर आणि खाली यातला फरक कळतो, याचा इतका झटपट पुरावा दुसरा नाही. नेताना तो उभाच न्यावा, आणि घरी खालची सुकलेली फुलं रोज काढत गेलं की वरच्या कळ्या आठवडाभर उमलत राहतात.

प्रदर्शन सहसा शनिवार-रविवारी असतं. शक्य असेल तर रविवारी दुपारची गर्दी टाळून सकाळीच जावं. धुकं असेल तर निघायला उशीर झाला तरी चालेल, धुक्यात रंग दिसत नाहीत. त्याच पहाटे चौकात मिळणारं मख्खन-मलई, दवात फेसाळलेलं दूध, हा लखनौच्या हिवाळ्याचा आणखी एक उघड्यावरचा हंगामी सोहळा. ते मात्र ऊन चढण्याआधीच गाठावं लागतं.

वर्षाच्या इतर वेळीही या बागेत पाहण्यासारखं असतं, फक्त तिथे मांडव नसतो. फेब्रुवारीत शहराचं लक्ष राज्यपालांच्या निवासस्थानातल्या फळं, भाजीपाला आणि फुलांच्या प्रदर्शनाकडे वळतं. गृहिणी आणि शेतकरी दोघेही तितक्याच आस्थेने पाहतात असं ते प्रदर्शन. मार्चमध्ये एनबीआरआयचा बोगनवेलीचा संग्रह रंगात येतो. खोशू यांच्या पेशीविज्ञानातल्या कामात बोगनवेलीला मोठी जागा होती. मुलांना तिथेही भिंग द्यावं. रंगीत दिसतात ती पाकळ्या नसून पानं आहेत, खरं फूल मधली बारीक पांढरी नळी. पावसाळ्यात कमळांचं तळं पाहावं. १०८ पाकळ्यांचं ‘नमोह १०८’ हे कमळ या संस्थेने २०२३ मध्ये लोकांसमोर आणलं. नेचे, सायकस आणि निवडुंग यांची घरं बारमाही.

फुलं सुकवून वर्षानुवर्षं टिकवण्याची कलाही ही संस्था शिकवते. अनेक स्त्रियांनी त्यावर छोटा व्यवसाय उभा केला आहे. तिचा सोपा प्रकार घरी करता येतो. नदीची बारीक वाळू धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावी. डब्यात दोन बोटं थर द्यावा, त्यावर बटणशेवंती देठासकट उभी ठेवावी आणि चमच्याने कडेने हळूहळू वाळू सोडत पाकळ्यांमधल्या फटी भराव्यात. वरून एकदम ओतली तर आकार चेपतो. डबा झाकण न लावता कोरड्या जागी ठेवावा. ओलावा वाळूतून बाहेर निघून जातो आणि वाळू पाकळीला सुकताना आधार देते, म्हणून फूल आक्रसत नाही. लहान फुलाला आठवडाभर पुरतो, मोठ्याला जास्त. पांढरी शेवंती थोडी पिवळट होते. पिवळी आणि जांभळी रंग चांगला धरतात.

आणि प्रदर्शनातून कुंडी आणलीच, तर ती दिवाणखान्यात आठवडाभर मिरवून झाल्यावर फेकू नये. फुलं वाळली की चार बोटं ठेवून कापावी, उन्हात ठेवावी, पाणी बेताचं द्यावं. जानेवारीच्या शेवटाला काश्या दिसतील. कुंडीच्या कडेला फुटलेल्या तीन-चार निवडाव्यात. मधल्या काश्या जुन्या खोडाला चिकटलेल्या असतात. पुण्या-मुंबईत लू नाही, त्यामुळे उन्हाळा सोपा जातो, पण पावसाळा जास्त जड जातो. कुंडीचं भोक मोकळं ठेवावं आणि जुलैत कलमं करून जुनं झाड सोडून द्यावं. सप्टेंबरपासून गॅलरीतला दिवा बंद ठेवावा.